वहीत शिवलेला अर्ज

मुलगी : काका, इथंच ठेवला होता ना? वजनाखाली?

बाइंडर : इथंच. चुरगळला होता, म्हणून दोन दिवस दाबून ठेवला. सरकारी अर्ज काय बोळा करून द्यायचा?

बाई : अहो, आमच्या कार्यालयाला बोळाही चालतो. पाचच्या आत पोचला म्हणजे झालं. शिकाऊ ठेवणाऱ्यांना सरकार अर्धा पगार देतं, पण आज शेवटची तारीख आहे.

बाइंडर : ते माहीत आहे हो. तो अर्धा आला तर ही पोरगी इथं टिकणार. नाहीतर एक तारखेपासून चालली मावशीच्या दुकानात कपड्यांच्या घड्या घालायला.

मुलगी : काका... वजनाखालचे कागद सरावाला घे, असं तुम्हीच म्हणाला होतात ना?

बाइंडर : रद्दीचे. एका बाजूनं कोरे असलेले.

मुलगी : अर्ज पण एका बाजूनं कोराच होता.

बाइंडर : अरे देवा! शिवलास?

मुलगी : काल संध्याकाळी. हे बघा, गणिताच्या जुन्या पेपरांच्या मधोमध.

बाई : (हसू आवरत) सही-शिक्क्यासकट! कोरा अर्ज देते मी, पण हिच्या प्रशिक्षण संस्थेचा शिक्का परत मिळायला आठ दिवस जातील.

मुलगी : कशाला? पाच मिनिटांत उसवते. उसवण्यात माझा हात कोण धरेल? अकरा वह्या शिवल्या, अकराच्या अकरा उसवल्या. काकांना ‘उसव’शिवाय दुसरा शब्दच येत नाही.

बाइंडर : हात लावू नकोस!

मुलगी : का?

बाइंडर : खळ वाळलीय. कागद फाटेल.

बाई : फाटेल कसला? चार टाके तर दिसतायत.

बाइंडर : बाई, तुम्ही अर्ज तपासा, टाके मला बघू दे.

मुलगी : काका, पावणेपाच वाजलेत! माझी नोकरी त्या वहीत आहे. कात्री द्या इकडे.

बाइंडर : नाही देत. वेडी आहेस का? दोरा बघ जरा. कुठं ढिला नाही, कुठं ओढलेला नाही. मला इथवर यायला दीड वर्ष लागलं होतं.

मुलगी : मग काल वही दाखवली तेव्हा का नाही बोललात?

बाइंडर : काल चष्मा नव्हता.

मुलगी : होता. कपाळावर होता.

बाई : भांडण पुरे. वही द्या इकडे. अर्जासोबत कामाचा नमुना जोडा, असं आमच्याकडे लिहिलेलंच आहे.

बाइंडर : इथं नमुन्याला अर्ज जोडलाय.

बाई : साहेबांना मी सांगेन काय ते. फार तर डोक्याला हात लावतील. वा, वही उघडतेय कशी सपाट! मध्येच मिटत नाही की काही नाही. सह्या आहेत, शिक्का आहे... अहो, हा शेवटचा रकाना मोकळाच आहे की.

बाइंडर : कसला?

बाई : उमेदवाराची प्रगती. मालकानं सांगायची. आता लिहायला वेळ नाही, तुम्ही बोला, मी लिहिते.

मुलगी : बोला ना, काका. पाच वाजतायत.

बाइंडर : लिहा... बारावी वही. उसवायची गरज नाही.