वाफ्यातला मोत्या

आमच्या मोत्याचं सांगते तुम्हाला. वडिलांचा फार लाडका कुत्रा. वडील तेव्हा बोटीवर नोकरीला, आणि आई मालवणात उन्हाळ्यात विहिरीच्या पाण्यावर तांबडी भाजी करायची. म्हातारा मोत्या दुपारी नेमका ओल्या वाफ्यात पसरायचा. आईने हाकललं की निमूट उठायचा.

एकदा उठेचना.

"ऊठ रे! सगळी भाजी चिरडलंस!" म्हणत आईने काठी हाणली. तो कळवळला, पुढचे पाय रोवले, पण मागचं अंग हललंच नाही.

"अगो बाई, ह्येका उठाकच जमना नाय!" आई मटकन खाली बसली.

"पडवीत नेऊया?" मी विचारलं.

"नको. हंय थंड वाटता तेका."

तिसऱ्या दिवशी तो तिथंच गेला. मी वडिलांना पत्र लिहायला बसले.

आई म्हणाली, "मोत्या गेलो म्हणान लिव गो. काठयेचा लिवू नको."