जबाबदारी : सचिव

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आपल्या मुद्रितशोधक संघटनेच्या सचिव, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या ताई, पहिल्या रांगेतले त्यांचे यजमान, आणि मागच्या फलकावर 'हार्दिक'मधली वेलांटी पहिली की दुसरी हे मनातल्या मनात तपासत बसलेल्या माझ्या व्यवसायबंधू-भगिनींनो!

हसलात ना? म्हणजे तपासलीत.

मला दहा मिनिटं दिली आहेत. मी औषधांच्या माहितीपत्रकांची प्रुफं वाचतो, थोड्या जागेत पुष्कळ कोंबायची सवय आहे. पण खरं सांगतो, आज जीव थाऱ्यावर नाही. खिशात एक कागद आहे आणि तो काढल्याशिवाय मला चैन पडणार नाही. आधी चार चांगले शब्द बोलतो, तेवढी रीत पाळू द्या.

ताईंनी एकोणीस वर्षं ही संघटना चालवली. आपण सगळे पोटापाण्याचं सांभाळून, जमेल तसं येणारे. त्याही तशाच, पण त्या यायच्याच. कुलूप त्या काढणार, खुर्च्या त्या मांडणार, आणि आपण उशिरा येऊन विचारणार, "ताई, पंखा लागत नाही का हो?" पाहुण्यांना वाटेल, गंमत करतोय. गंमत नाही.

गेल्या वर्षी आपण पुढच्या पाच वर्षांचा आराखडा करायला घेतला. आठवतंय? पहिल्या तीन बैठका 'ध्येयधोरणे' जोडून लिहायचं की तोडून यातच गेल्या. अध्यक्ष महोदय, आपण कोशकार, आपण तोडण्याच्या बाजूचे. मी जोडण्याच्या. घसा बसेपर्यंत भांडलो आपण! ताई मुकाट्याने टिपून घेत होत्या.

शेवटी सात कामं ठरली. नवोदितांचा वर्ग, परीक्षा, वार्तापत्र, ग्रंथालय, सभासदांची यादी, प्रकाशकांशी पत्रव्यवहार आणि वार्षिक मेळावा. शेजारी रकाना होता, 'जबाबदारी'. सातही ओळींत एकच शब्द, 'सचिव'. आठ खर्डे झाले, दर वेळी सोळा जणांनी तपासले. 'सचिव'चा 'चि' कुणी दीर्घ होऊ दिला नाही. पण हा शब्द सात वेळा का आलाय, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. माझ्याही नाही.

मागच्या महिन्यात या भाषणासाठी गौरवाची दोन वाक्यं मिळतील म्हणून मी तो मंजूर आराखडा उघडला. सात कामांच्या खाली कलम आठ. वाचून दाखवतो, हाच तो कागद. "सचिव आता दमल्या असून, त्यांना कुणीतरी सोडवावे."

होय, असंच छापलंय. आपण हात वर करून एकमताने मंजूर केलंय!

मी जुने खर्डे उपसले. आठव्या खर्ड्यात ताईंनी लिहिलं होतं, "सचिव आता दमली असून तिला कोणीतरी सोडवावे." माझ्या प्रतीवर, समासात, माझ्याच अक्षरात शेरा आहे, "एकेरी नको. आदरार्थी करावे." कोशकारांनी 'कोणीतरी'चं 'कुणीतरी' केलं. आणखी एकाने स्वल्पविराम घातला. सोळा माणसं, सोळा लाल पेनं, आणि एकालाही विचारावंसं वाटलं नाही की ताई, काय झालं? लाज वाटते हो मला.

तसाच त्यांच्या घरी गेलो. दार भावोजींनी उघडलं. "या. ती पाकिटं लिहितेय." कसली पाकिटं? याच समारंभाची! स्वतःच्या निरोपाच्या निमंत्रणांवर ताई स्वतः पत्ते घालत होत्या, अंगठ्याला पट्टी बांधून. भावोजी म्हणाले, "तुम्ही मंडळी तपासता हो, वाचत नाही." मी ताईंना विचारलं, "रागावलात का?" तर म्हणाल्या, "छे, तुमची दुरुस्ती बरोबरच होती."

तेव्हापासून मला नीट झोप नाही.

आणि आजचं काय? कार्यकारिणीने ठराव केलाय की नवीन सचिव मिळेपर्यंत ताईच काम पाहतील. मग हा कसला निरोप? पुष्पगुच्छ टेबलावर पडलाय, कारण घ्यायला ताईंचे हात मोकळे नाहीत. किल्ल्यांची आणि शिक्क्याची पिशवी अजून त्यांच्या मांडीवर आहे. बघा जरा.

अध्यक्ष महोदय, मर्यादा सोडतोय. हे माझं लाल पेन. नवोदितांचा वर्ग या ओळीतला 'सचिव' मी खोडला आणि माझं नाव लिहिलं. सहा ओळी राहिल्या. मी थांबतो. खाली बघू नका, मजकूर इथे वर आहे.

हां, पाठ्यपुस्तकवाल्या बाई, ग्रंथालय? लिहिलं. मागे कोण? वार्तापत्र! शाब्बास. परीक्षा कोशकार घेतायत, आणि तोडून की जोडून ते त्यांनीच ठरवावं. तीन अजून रिकाम्या आहेत. कागद रांगांतून फिरू दे, पेनासकट. भरल्याशिवाय चहा नाही.

ताई, ती पिशवी इकडे द्या. द्या हो. तीन ओळी रिकाम्या असल्या तरी द्या.

माझं बोलणं कुणाला लागलं असेल तर पोटात घाला. व्याकरणाच्या चुका झाल्या असतील, त्या मात्र आज कुणी काढायच्या नाहीत. पाहुण्यांचे, अध्यक्षांचे, भावोजींचे आणि तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. हे मीच म्हणून टाकतो, कारण कार्यक्रमपत्रिकेत शेवटची ओळ आहे, 'आभारप्रदर्शन : सचिव'.

अहो ताई, उठताय कुठे? खोडलंय ते. बसा.