दोऱ्याच्या वर

(स्वयंपाकघर. संध्याकाळ. दिवा लावलेला नाही.)

सासू : घटलं असतं तर एक वेळ मी समजू शकले असते. पण हे वाढलंय.

सून : काय वाढलंय, आई?

सासू : तेल. ये इकडे. या काचेच्या बरणीला बांधलेला हा दोरा दिसतो? काल दुपारी तेलाच्या पातळीला धरून मी स्वतः बांधला. त्यानंतर रात्रीचा स्वयंपाक झाला, आज डब्याची भाजी झाली. आणि तेल दोऱ्याच्या वर! चांगलं बोटभर.

सून : दोरा घसरला असेल खाली.

सासू : माझा दोरा घसरत नाही. गाठीवर मेण लावते मी.

सून : अंधारात तसं वाटत असेल. दिवा लावू का?

सासू : बाहेर अजून उजेड आहे. खिडकीपाशी धर. हं. आता दिसतं?

सून : दिसतं.

सासू : मग सांग, बरणीला तेलाचा झरा फुटला का?

सून : तुम्हीच म्हणता ना, हात आखडून वापरलं की पुरतं.

सासू : पुरतं. वाढत नाही. उभा जन्म काटकसरीत गेला माझा, घरातली एक वस्तू कधी आपोआप वाढलेली पाहिली नाही मी. आणि साबण? जुना तुकडा नव्या वडीला चिकटवून दिला होता तुला. कुठे गेली ती वडी?

सून : संपत आली.

सासू : इतक्यात? कपडे तेवढेच, माणसं तेवढीच. आणि चिंध्यांचं गाठोडं हलकं लागलं मला सकाळी.

सून : गाठोड्याचं वजनही करता तुम्ही?

सासू : करावं लागत नाही. हाताला कळतं. तेल वाढतंय, साबण झिजतोय, चिंध्या पळताहेत. या घरात माझ्या पाठीमागे काहीतरी चाललंय, सूनबाई.

मुलगा : मी आलो गं. चपला दारातच काढतो, म्हणजे घरात झिजायला नकोत. काय झालं? दोघी बरणी धरून का उभ्या?

सासू : तुझ्या बायकोनं तेल वाढवलंय.

मुलगा : मग शाबासकी दे की तिला.

सासू : थट्टा नको. तेलाला पैसे पडतात. तू देतोस तिला वेगळे?

मुलगा : मी? माझ्या दाढीचं पातं तू पेल्यात घासून घासून महिनोन्‌महिने चालवतेस. माझ्याकडे कुठून येणार वेगळे पैसे?

सून : माझे होते. काज-बटणांच्या कामाचे. शिंपीदादा देतात ते.

सासू : ते तर तू सगळे माझ्या हातात आणून ठेवतेस.

सून : सगळे नाही ठेवत.

सासू : ऐकलंस? ऐकलंस ना तू?

मुलगा : ऐकलं. तिचेच पैसे आहेत, आई.

सासू : पैशाचं सोड. लपवून तेल ओततं कोण? ज्यानं आधी लपवून काढलेलं असतं तोच. कोणाला देत होतीस? माहेरी?

सून : माहेरी? अर्धा दिवस गाडीत बसून वाटीभर तेल पोचवायला जाऊ मी?

सासू : तोंड चालवू नकोस. भांडीवाली होती तेव्हा ती काढायची. तिला घालवलं. आता घरात उरलं कोण?

सून : ती काढत नव्हती.

सासू : काय म्हणालीस?

सून : भांडीवाली तेल काढत नव्हती, आई.

सासू : तुला काय माहीत? आं? म्हणजे तूच काढायचीस!

सून : बघा. म्हणूनच बोलले नाही इतके दिवस. या घरात ज्याला काही सापडतं तोच चोर ठरतो.

मुलगा : थांब, थांब. तुला सापडलं काय?

सून : बरणी गळते. बुडाशी.

सासू : शक्यच नाही. ती चीर मी बुजवलीय. पळी तापवून, लाख वितळवून, माझ्या हातांनी. दगडासारखी बसलीय.

मुलगा : तेव्हाच म्हणालो होतो, नवी बरणी घेऊ.

सासू : चांगली धडधाकट बरणी टाकून? आणि गळली असती तर फळीवर ओघळ नसता आला?

सून : फळीवर कसा येईल? धक्का लागू नये म्हणून तुम्ही ती खोक्यात ठेवता, खाली-भोवती चिंध्या दाबून. त्या चिंध्याच पितात सगळं. भांडीवाली गेली, तरी दोऱ्याखाली तेल उतरतच होतं. तेव्हा मी खोकं उपसलं. चिंधी पिळली तर धार लागली.

सासू : आणि मला कशी नाही दिसली ती धार?

सून : तुम्ही दोरा बघत होता. मग मी गुपचूप चिंध्या बदलायला लागले. जुन्या धुवायच्या, वाळवायच्या, परत भरायच्या. साबण त्यातच गेला. काही अगदीच चिकट झाल्या, त्या टाकल्या.

सासू : टाकल्या?

मुलगा : आई!

सून : आणि जेवढं गळेल तेवढं तेल कोपऱ्यावरून आणून ओतत होते. काल संध्याकाळी दिवा न लावता ओतलं. लावला असता तर तुम्ही विचारलं असतं, कशाला लावला म्हणून. अंधारात दोरा दिसला नाही, जास्त पडलं.

सासू : गोष्ट बरी रचलीस.

सून : रचली नाही.

सासू : मी नाही मानत. बरणी पूस. कोरडी खडखडीत पूस, मला हात फिरवून बघू दे. हं. आता कागदावर ठेव. नवा नको! पुडीचा घे, त्या डब्यात घड्या घालून ठेवलेत. ठेवलीस? आता कोणी हात लावायचा नाही. आपण तिघं इथेच बसू.

मुलगा : चहा तरी होऊ दे.

सासू : नाही. उठायचं नाही कोणी. तू तिच्याकडे बघू नकोस, बरणीकडे बघ.

मुलगा : बघतोय. आई, त्या दिवशी जिन्यात भांडीवालीला तू काय काय बोललीस, आठवतं?

सासू : आठवतं. हात पुढे कर म्हणाले तिला. तेलकट होते हात.

सून : पाच घरची भांडी घासून आली होती. कोरडे कसे असतील?

सासू : चोर नसती तर उलट बोलली असती.

सून : बोलली होती. 'एकदा बरणी बघा, बाई,' म्हणाली. तुम्ही म्हणालात, माझ्या बरणीचं नाव काढायचं नाही.

सासू : असं म्हणाले मी?

मुलगा : म्हणालीस. मी दारात होतो. वरच्या मास्तरीणबाई कठड्यावरून ऐकत होत्या. खालचे घड्याळवाले दुकान टाकून आले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनीही तिला काढलं.

सासू : त्यांना मी सांगायला गेले नव्हते.

सून : सांगायची गरज होती का? सगळा जिना ऐकत होता.

सासू : तू का नाही बोललीस तेव्हा?

सून : तेव्हा मलाही तीच चोर वाटली होती.

मुलगा : आई.

सासू : दिसतंय मला.

मुलगा : डाग पसरतोय. कडेपर्यंत आला.

सासू : आंधळी नाही मी. दिसतंय.

सून : आई, पाणी देऊ?

सासू : नको. लाख चांगली होती माझी.

सून : बरणी जुनी होती, आई.

मुलगा : टाकू का आता ही?

सासू : तेल आधी पातेल्यात काढून घे. आणि कागद टाकू नकोस, तवा पुसायला होईल. ती असते कुठे हल्ली?

सून : गोदामामागच्या खानावळीत. मोठाली पातेली घासते, दिवसभर उकिडवी बसून. गुडघे धरलेत तिचे.

सासू : तुला बरं सगळं माहीत.

सून : जाते मी अधूनमधून. थोडे पैसे द्यायला.

सासू : म्हणजे तिथेही माझ्या पाठीमागे. घेते?

सून : नाही घेत. विचारते, 'बरणी बघितली का बाईंनी?' मी नाही म्हणून मान हलवते, ती पैसे परत करते.

सासू : माझी चप्पल कुठे आहे?

मुलगा : आत्ता कुठे निघालीस? उद्या जा. सकाळी मी येतो बरोबर.

सासू : उद्यापर्यंत मी काहीतरी खुसपट काढीन. लाख वाईट होती, तू धक्का दिलास, तिनेच चीर पाडली. मी ओळखून आहे मला. आत्ताच जाते.

सून : मी येते.

सासू : तू नको. तू आलीस की मी तुला बोलायला लावीन. आणि ऐक, जिन्यातला दिवा लाव.

मुलगा : कुठला दिवा? आपल्या मीटरवर चालतो म्हणून तूच काढून ठेवलायस तो.

सासू : कपाटात आहे, माझ्या शालीत गुंडाळलेला. काढ आणि लाव. तिला घेऊन वर येईन तेव्हा मास्तरीणबाईंना दिसलं पाहिजे, घड्याळवाल्यालाही दिसलं पाहिजे. ओरडले सगळ्यांदेखत, तेव्हा आता हळूच मागच्या दारानं आणायची नाही तिला.

सून : आणि ती आलीच नाही तर, आई?

सासू : तरी राहू दे लावलेला.