बोटीचं ठिगळ

पंक्चरच्या दुकानात माझा नंबर दुसरा होता. पहिला दुकानदाराचाच शेजारी, पुढ्यात हवेची रबरी बोट घेऊन बसलेला.

"पैज आठवते ना?" तो दुकानदाराला म्हणाला. " तुझं ठिगळ टिकलं, तर मी बोट डोक्यावर घेऊन गल्लीभर 'मी गाढव' म्हणत फिरायचं."

"चेष्टा होती रे ती. तुझा धाकटा भाऊ गेला, आता कसली पैज?"

"तुझ्याच ठिगळातून हवा गेली, म्हणून बुडाला तो. लाव साबणाचं पाणी."

"तिसऱ्यांदा लावतोय. एक बुडबुडा नाही."

"मग गेली कुठून? सरक. शिवणीला फेस नाही. तळाला नाही. हा व्हॉल्व्ह..."

"राहू दे रे."

"फेस येतोय."

"आतला रबरी वॉशर कुठाय?"

शेजाऱ्याने व्हॉल्व्ह उघडून आत पाहिलं.

"बोट फुगवली होती कोणी?"

"मीच. वॉशर हरवलेला. म्हटलं, एक दिवस काय होतंय."

"घरी सांग, ठिगळ सुटलं. घाल माझ्यावर."

"बोट उचलू लाग."

"वेडा का खुळा? समोर दारात तुझी आई बसलीय."

"म्हणून तर. उचल."

बोट डोक्यावर घेऊन तो रस्ता ओलांडून आईच्या दारापुढे उभा राहिला.

"मी गाढव," तो म्हणाला. "आई, वॉशर मी बसवला नव्हता."