चौथा वाटा

मी गप्प असते म्हणून तुम्हाला वाटतं माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही, तर ऐका. काल्हेरला आमचे सासरे खाडीत जाळं टाकून आले, की आधी शेजारी मासळी जाते आणि मग आमची चूल पेटते. लग्नानंतर पहिल्यांदाच मला वाटायला धाडताना सासूबाईंनी बोईट मासळीचे चार वाटे ताटात लावले. म्हणाल्या, "शेजारच्या तीन घरी देऊन ये."

तीन घरं झाली. एक वाटा उरला, तो मी कोपऱ्यावरच्या काकींना देऊन आले.

सासूबाईंनी रिकामं ताट पाहिलं. "अगं, चौथा आपला व्हता. आता तुझे सासरे काय खातील?"

"परत आणू?"

"दिलेला वाटा मागायला जाशील? गावात तोंड दाखवायची सोय न्हाय राहणार."

संध्याकाळी काकी कालवणाचं पातेलं घेऊन आल्या. "नव्या सुनेनं आठवणीनं वाटा दिला, तिला चाखवायला नको?"

सासऱ्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. जेवताना बोटं चाटत ते म्हणाले, "आजचं कालवण लय झकास. रोज असंच करत जा."

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "करते की. रोज हिलाच वाटायला धाडते."