समोरून पाळक, पाठमोरे आमचे हे

…नाही, पण मी म्हणते, कोटच कशाला द्यायला हवा होता? छत्री दिली असती, स्टोव्ह दिला असता, भिंतीवरचं घड्याळ काढून दिलं असतं… पण नाही, कोट! आणि आता दर रविवारी, तुम्हाला सांगते, आमच्या ख्रिस्ती देवळात बाकावर बसल्या बसल्या मला दरदरून घाम फुटतो. समोरून पाळक, पाठमोरे आमचे हे!

हसू नका. आमचे हे म्हणजे माझे यजमान, शिंपी होते, गेल्या थंडीत गेले. जन्मभर मशीनवर वाकून त्यांचा डावा खांदा चांगला बोटभर उतरलेला. गावाचे कोट ते शिवायचे आणि त्यांचा कोट मी, कारण स्वतःच्या पाठीचं माप स्वतःला घेता येतं का हो? डावी बाजू बोटभर खाली कापायची की यांच्या अंगात चपखल बसायचा. दुसऱ्या कुणी घातला की तो बिचारा आपोआप डावीकडे कललेला दिसणार.

तर झालं काय, देवळात नवे पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, आले. पोरसवदा, एकटे, नुसत्या एका विरलेल्या स्वेटरमध्ये उभे राहून उपदेश करायचे आणि मधे मधे दात वाजायचे. स्वतःच्या तोंडानं कसं मागणार? तेव्हा आमचे धाकटे दीर, देवळाच्या मंडळीचे कारभारी, उठले, घसा खाकरला (घसा खाकरल्याशिवाय त्यांना देव आठवत नाही) आणि सुरू झाले… शास्त्रात स्पष्ट आहे म्हणे, जो वेदीची सेवा करतो त्याचं पोट मंडळीनं भरायचं, मळणीच्या बैलाचंसुद्धा तोंड बांधायचं नाही, मग हा तर माणूस आहे! सगळ्यांना पटलं. इतकं पटलं की पाळकांच्या दारात काय काय येऊन पडलं म्हणता! डुगडुगतं टेबल, झाकण नसलेली किटली, न बोलणारा रेडिओ… देवाच्या माणसाला काहीही चालतं ना! मग दीर माझ्याकडे वळले. “वहिनी, दादाचा कोट नुसताच लोंबतोय.” अहो, लोंबू दे की! पण खुंटीवरून काढला आणि दिला.

पहिल्याच रविवारी पाळक वेदीकडे वळले आणि माझ्या हातातलं गीतांचं पुस्तक खाली पडलं. तोच उतरलेला खांदा, तीच कललेली मान… जिवंतपणी हे देवळात आले की उपदेशाआधीच डुलक्या काढायचे, आणि आता बघा, थेट वेदीपाशी उभे! मी हळूच म्हटलंसुद्धा, “अहो, जरा इकडे बघा ना.” ते वळले, तर चेहरा पाळकांचा. दर रविवारी हेच. वळेपर्यंत वाटतं, या खेपेला तेच असणार, आणि वळले की हे पुन्हा गेलेले असतात. लोकांची माणसं एकदाच जातात हो… माझा नवरा दर आठवड्याला जातो. समोरून पाळक, पाठमोरे आमचे हे, आणि मधे बसून मी रडू आवरतेय!

शेवटी दिरांना म्हटलं, भाऊजी, तो कोट परत आणून द्या. घसा खाकरला! देवाला दिलेलं मागे घेता? बायबलातला तो नवरा आणि ती बायको विसरलात, दानातलं थोडं मागे ठेवलं तर दोघंही जागच्या जागी कोसळली? म्हटलं, आमच्यातलं अर्धं काम आधीच उरकलंय.

पण मनाला लागलं खरं. बैलाचं तोंड बांधू नका म्हणजे त्याच्यापुढे आपला केरकचरा टाका, असं कुठे सांगितलंय? आपलं काम करणाऱ्याला आपलं उतरलेलं कशाला? ठरवलं, पाळकांना नवाकोरा कोट शिवायचा आणि जुना गुपचूप घरी आणायचा. दुकानातलं सगळ्यात उत्तम कापड घेतलं, पाळकांना घरी बोलावलं, टेप लावली. दोन्ही खांदे कसे, पट्टीनं आखल्यासारखे सरळ. तर ते लाजत लाजत म्हणतात, “बाई, राहू द्या ना. हा कोट घातला की एकटं वाटत नाही. डाव्या खांद्यावर कुणीतरी हात ठेवल्यासारखं वाटतं.”

तोंडातल्या टाचण्या मी गिळायचीच राहिले! तरी माप कागदावर उतरवलंच. रात्रंदिवस खपून कोट शिवला, जुना पिशवीत घालून घरी आणला, आणि रविवारी अगदी निवांत जाऊन बसले. म्हटलं, सुटले. पाळक वेदीकडे वळले… आणि डावा खांदा बोटभर खाली!

कागदावर माप सरळ आहे हो, आजही दाखवते. पण कात्री? अख्खा संसार एकाच माणसाचे कोट कापले, या हाताला दुसरा खांदा ठाऊकच नाही! पाळक मात्र धावत आले, म्हणाले, बाई, अगदी तसाच झालाय. दीर म्हणाले, द्यावं तर असं.

आता सांगा, काय करू? जुना होता तो निदान दोनचार वर्षांत विरला तरी असता. हा अस्सल लोकरीचा, दुहेरी अस्तराचा, एकेक टाका पक्का घातलाय मी… माझ्या मागेसुद्धा टिकेल मेला.