मामाचा सेफ्टी बेल्ट

हसू नका, पण बोरिवलीच्या एका सोसायटीत वाळलेला गुलमोहर पाडायचा होता आणि कॉन्ट्रॅक्टर माझा सख्खा मामा. चढणारा मी. खाली मला बेल्ट बांधून त्याने सोसायटीला दाखवायला फोटो काढला.

“झालं, बेल्ट सोड आता. तीस वर्षं मी असाच चढतोय.”

“मग लंगडतोस कशाला, मामा?”

“ते नशीब रे!”

कॉलेज सोडलं म्हणून मला अक्कल नाही, असं तोच सगळ्यांना सांगतो. मी बेल्टसकट चढलो आणि दोर खोडाला बांधला. पायाखालची फांदी मोडली. मी हवेत लोंबकळतोय आणि खालून मामा ओरडतोय, “बेल्ट जप, भाड्याचा आहे!”

त्या दिवसापासून मी बेल्ट परत केलेला नाही. परवा मागायला आला. म्हटलं, “पुढच्या झाडावर माझ्या कमरेलाच असेल. वर चढ आणि सोडून घे.”